जुना ट्रॅक्टर, नकली सुटा भाग आणि हुकलेला वाफसा

शेतीत वेळेला जेवढे मोल आहे, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या व्यवसायात असेल. जमिनीला वाफसा येतो तो मोजक्या दिवसांसाठी. त्या दिवसांत पेरणी साधली तर साधली. एकदा का ती संधी निसटली, की पुढे कितीही खत-पाणी घातले तरी ती भरून निघत नाही. अशा नेमक्या दिवशी शेताच्या बांधावर ट्रॅक्टर बंद पडतो आणि मिस्त्री सांगतो, ‘महिन्यापूर्वी बसवलेला पार्ट गेला.’ त्या एका वाक्यात शेतकऱ्याचे किती नुकसान सामावलेले असते, याची कल्पना गॅरेजच्या बिलावरून येत नाही. बिलात सुट्या भागाची किंमत असते, मजुरी असते. हुकलेला वाफसा त्यात कोठेही नोंदलेला नसतो.

ट्रॅक्टर खरेदीविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. कर्जाचा व्याजदर, अनुदान, अश्वशक्ती, नवे मॉडेल या सर्वांची चर्चा होते. परंतु दहा, पंधरा किंवा पंचवीस वर्षे वापरात असलेल्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचा आणि त्याला लागणाऱ्या सुट्या भागांच्या दर्जाचा प्रश्न मात्र गावच्या गॅरेजबाहेर फारसा येत नाही. वस्तुतः हा प्रश्न शेतीच्या अर्थकारणाचा आहे आणि म्हणूनच तो बँकेचाही आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जुने ट्रॅक्टर एवढे का?

अलीकडच्या वर्षांत आपल्या देशात दरवर्षी आठ लाखांहून अधिक नवे ट्रॅक्टर विकले जातात. संख्येच्या दृष्टीने भारत ही जगातील सर्वांत मोठी ट्रॅक्टर बाजारपेठ आहे. मात्र नवा ट्रॅक्टर आला म्हणून जुना भंगारात जात नाही. तो एका मालकाकडून दुसऱ्याकडे, मोठ्या शेतकऱ्याकडून लहान शेतकऱ्याकडे जातो. पंजाब-हरियाणात जुन्या ट्रॅक्टरांच्या मंड्या भरतात आणि तेथून हे ट्रॅक्टर इतर राज्यांतही पोहोचतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर एवढेच आहे आणि सुमारे ८६ टक्के खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. ज्यांना नवा ट्रॅक्टर परवडत नाही, त्यांच्यासाठी जुना ट्रॅक्टर हाच यांत्रिकीकरणाचा खरा अर्थ आहे.

या यंत्रांना इतिहासही आहे. फरिदाबाद येथे आयशरचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये तयार झाला. त्यानंतरच्या दशकात टॅफे, एस्कॉर्ट्स, महिंद्र यांनी परदेशी कंपन्यांच्या सहकार्याने उत्पादन सुरू केले. हरियाणातील पिंजोर येथे एचएमटीने १९७१ मध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या झेटर तंत्रावर आधारित ट्रॅक्टर बांधण्यास प्रारंभ केला. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने आखलेल्या आराखड्यावर पंजाब ट्रॅक्टर्सने १९७४ मध्ये ‘स्वराज’ बाजारात आणला. हरित क्रांतीच्या काळात या यंत्रांनी देशाची शेती उचलून धरली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

पुढे काळ बदलला, मालकी बदलली. आयशरचा ट्रॅक्टर व्यवसाय २००५ मध्ये टॅफेकडे गेला. पंजाब ट्रॅक्टर्स २००७ मध्ये महिंद्रकडे आली. आणि एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मान्यता दिली. जेथे नवा मालक आला तेथे सुट्या भागांची साखळी कमी-अधिक प्रमाणात टिकली. जेथे कारखानाच बंद झाला, तेथे शेतकरी उघड्यावर पडला. ट्रॅक्टर उभा आहे, इंजिनात ताकद आहे. पण त्याचा मूळ भाग बनविणारा मात्र कोणीही उरला नाही. अशा वेळी बाजारात जे मिळेल ते बसविण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

‘ओरिजिनल’, ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’

सुट्या भागांच्या दुकानात तीन प्रकारचा माल मिळतो आणि या तिन्हींतील भेद नीट ध्यानात घेणे अत्यंत आवश्यक आहे. पहिला प्रकार म्हणजे ट्रॅक्टर कंपनीने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वेष्टनात विकलेला माल. दुसरा प्रकार म्हणजे अन्य उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला माल. लुधियाना, राजकोट यांसारख्या शहरांत असे सुटे भाग बनविणारे असंख्य लहान-मोठे कारखाने आहेत. तिसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा, दुसऱ्याच्या खोक्याची हुबेहूब नक्कल केलेला बनावट माल.

आपल्याकडे पहिला प्रकार सोडून बाकी सर्वांना सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हे अन्यायाचे आहे. स्वतःच्या नावाने माल विकणारा उत्पादक आपल्या नावाला बांधलेला असतो. त्याचा पिस्टन खराब निघाला तर त्याला जाब विचारता येतो. एचएमटीसारखे जुने ट्रॅक्टर आज चालत असतील, तर ते मुख्यतः अशाच उत्पादकांच्या जिवावर. खरा गुन्हेगार तिसरा आहे. तो नाव एकाचे लावतो, माल स्वतःचा विकतो आणि जबाबदारी कोणाचीच ठेवत नाही. या दोघांना एकाच तागडीत तोलले, की प्रामाणिक लहान कारखानदार मरतो आणि नकली मालवाला त्याच्या आड सुखाने लपून राहतो.

दर्जातला फरक डोळ्यांना दिसत नाही, ही या व्यवहारातील खरी अडचण होय. गिअरच्या दात्याचे उदाहरण घेऊ. चांगल्या गिअरचा बाहेरचा थर कठीण केलेला असतो आणि आतला गाभा चिवट ठेवलेला असतो. त्यामुळे दाता झिजत नाही आणि धक्का बसला तरी तुटत नाही. उष्णतेची ही प्रक्रिया वाचविली, की गिअर एक तर भराभर झिजतो किंवा ठिसूळ होऊन तुटतो. दुकानात मात्र दोन्ही गिअर सारखेच चकाकतात. बेअरिंग, लायनर, पिस्टन रिंगा यांच्या बाबतीत तर मिलिमीटरच्या शतांश भागांचा हिशेब असतो. वेट लायनरच्या खालच्या बाजूस बसणारी रबरी ओ-रिंग ही किरकोळ किमतीची वस्तू. पण ती हलकी निघाली, तर पाणी इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते आणि बेअरिंगांसह क्रँकशाफ्ट धोक्यात येतो. हलक्या कागदाचा फिल्टर धूळ आत सोडतो. ती धूळ सहाणेसारखी लायनर घासत राहते आणि एके दिवशी सायलेन्सरमधून निळसर धूर निघू लागतो. नकली नोझल डिझेलचा बारीक फवारा उडविण्याऐवजी थेंब गाळते. परिणामी धूर काळा होतो, डिझेल अधिक जळते आणि पिस्टनही पोळतो.

म्हणजेच नकली भाग स्वतः बिघडून थांबत नाही. तो शेजारचे चांगले भागही बरोबर घेऊन जातो.

स्वस्ताईचा हिशेब

‘अस्सल माल महाग, म्हणून शेतकरी नकली घेतो,’ असे म्हटले जाते. हे अंशतः खरे आहे. तथापि येथे मजुरीचा विचार केला जात नाही. ट्रॅक्टरची क्लच प्लेट बदलायची, तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सोडवून ट्रॅक्टर अक्षरशः मधोमध दुभंगावा लागतो. प्लेट चांगली असो वा वाईट, हे श्रम तेवढेच.

उदाहरणापुरते काही आकडे घेऊ. अस्सल प्लेटला तीन हजार रुपये, नकलीला दीड हजार आणि मजुरी दोन हजार, असे समजा. अस्सल प्लेट चार हंगाम टिकली, तर पाच हजारांचा खर्च चार हंगामांत विभागून प्रत्येकी साडेबाराशे रुपये पडला. नकली प्लेट एकाच हंगामात गेली, तर एका हंगामाचा खर्च साडेतीन हजार झाला. दुकानात दीड हजार रुपये वाचले, पण हंगामाचा खर्च जवळजवळ तिप्पट झाला. आणि यात बंद पडलेल्या दिवसांचा हिशेब धरलेलाच नाही. ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही.

तरीही शेतकऱ्याला केवळ उपदेश करून भागणार नाही. हंगामाच्या तोंडावर खिशात दोनच हजार असतील, तर चार हंगामांचा हिशेब त्याच्या काय कामाचा? तो अडाणी असतो म्हणून नकली भाग घेतो, असे नाही. रोख रक्कम नसते, वेळ नसतो आणि तालुक्याच्या दुकानात दुसरा पर्याय नसतो, म्हणून घेतो. तीच गोष्ट गावच्या मिस्त्रीची. आवाजावरून बेअरिंगचा दोष ओळखणारे हे कारागीर म्हणजे ग्रामीण भारताची मोठी संपत्ती आहेत. काही जण दुकानदाराच्या कमिशनपायी हलका माल सुचवितात, हे नाकारता येणार नाही. परंतु बहुतेकांची तक्रार अशी, की गिऱ्हाईक जो भाग आणून देते तो बसवावा लागतो आणि तो गेला की बोल मात्र मिस्त्रीला लागतो.

कायदा काय सांगतो?

कायद्याच्या दृष्टीने शेतकरी अगदीच निराधार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलात आला. या कायद्यात व्यापारी हेतूने वस्तू घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नसले, तरी स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठीच जो वस्तू घेऊन वापरतो, त्याला ग्राहकाचा दर्जा आहे. सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक व विक्रेत्याचे दायित्व त्यात सांगितले आहे आणि बनावट मालाच्या निर्मिती-विक्रीस शिक्षेचीही तरतूद आहे. खोटे व्यापारचिन्ह लावणे हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक यासाठीच आहे.

मात्र हे सर्व अधिकार एका कागदाच्या तुकड्यावर उभे आहेत. तो कागद म्हणजे पावती. ‘बिल घेतले तर कर लागेल, तसेच घ्या,’ असे दुकानदार म्हणतो आणि आपण मान डोलावतो. त्या क्षणी थोडेसे पैसे वाचतात आणि तक्रारीचा हक्क जातो. आता तर ही सबबही लंगडी पडली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याचबरोबर ट्रॅक्टरचे मागील टायर, हायड्रॉलिक पंप, क्लच, गिअरबॉक्स, रेडिएटर अशा अनेक भागांवरील करही १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. कर कमी झाल्याचा लाभ पावती घेणाऱ्यालाच मागता येतो, हे विसरून चालणार नाही.

दुरुस्तीच्या हक्काची चर्चाही आता आपल्याकडे सुरू झाली आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली, तेव्हा प्राधान्यक्रमाच्या क्षेत्रांत शेती अवजारांचा समावेश केला. डिसेंबर २०२२ मध्ये यासाठी स्वतंत्र संकेतस्थळही सुरू झाले. अमेरिकेतील कोलोराडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्यांना स्वतःची यंत्रे दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. तेथील भांडण मुख्यतः यंत्रातील संगणकीय आज्ञावलीचे आहे. आपल्या जुन्या ट्रॅक्टरचे दुखणे त्याहून साधे आहे. येथे शेतकऱ्याला खोलण्याची मुभा आहे, खोलणारा मिस्त्रीही आहे. हवा आहे तो भरवशाचा लायनर आणि त्यावरील खरे नाव. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना अधिक कडक उत्सर्जन मानके लागू झाली व त्यांच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. सबब उद्या अमेरिकेतील भांडणही आपल्या दारी येणार आहे. साधे दुखणे आजच बरे केले नाही, तर पुढचे अधिक जड जाईल.

चाचणी नव्याची, वापर जुन्याचा

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून कार्यरत असलेल्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची शास्त्रशुद्ध चाचणी होते. चाचणीनंतर इंजिन उघडून लायनर, रिंगा, बेअरिंगे यांची झीज मोजली जाते आणि तो भाग कोणत्या मापानंतर बाद समजावा, हेही अहवालात नमूद केले जाते. ही माहिती शेतकऱ्याच्या अत्यंत उपयोगाची आहे. रिंगा बदलायच्या की बोर करायचा, हा निर्णय अंदाजाने न घेता मापाने घेता येतो. दुर्दैवाने हे अहवाल इंग्रजी भाषेत आणि कार्यालयांच्या कपाटांत राहतात. ते मराठी, हिंदी, तेलुगू, पंजाबी अशा भाषांत चार पानी पत्रकांच्या रूपाने गॅरेजांच्या भिंतींवर का लागू नयेत?

नव्या ट्रॅक्टरच्या चाचणीची अशी व्यवस्था असताना, त्याच ट्रॅक्टरमध्ये दहा वर्षांनी बसणाऱ्या सुट्या भागाची पारख मात्र शेतकऱ्याच्या नजरेवर सोपविलेली आहे. सर्वाधिक खपणाऱ्या भागांचे, म्हणजे फिल्टर, रिंगा, क्लच प्लेट, ऑइल सील, बेअरिंग यांचे नमुने बाजारातून उचलून त्यांची तपासणी व्हावी आणि निकाल नावानिशी प्रसिद्ध व्हावेत. बियाणे आणि खते यांचे नमुने तपासले जातात. मग यंत्राच्या भागांचे का नकोत?

बँकेने काय करावे?

आता थोडे आपल्या बँकेविषयी. ट्रॅक्टरचे कर्ज साधारणपणे पाच ते नऊ वर्षांत फिटते. मोठी दुरुस्ती नेमकी त्याच सुमारास किंवा त्यानंतर सुरू होते. ट्रॅक्टर उभा राहिला, तर भाड्याच्या कामांचे उत्पन्न थांबते, पेरणी लांबते आणि हप्ताही थकतो. तारण म्हणून ठेवलेल्या यंत्राचे मूल्य उतरते ते वेगळेच. तेव्हा चांगली दुरुस्ती हे बँकेच्याही हिताचे आहे.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ मध्ये सुरू झाली. २०१२ मध्ये सुधारलेल्या योजनेनुसार कार्डाची मर्यादा ठरविताना शेतीच्या साधनांची दुरुस्ती व देखभाल यांसाठी २० टक्के रक्कम धरण्याची तरतूद करण्यात आली. ही तरतूद किती कार्डधारकांना ठाऊक आहे? शाखेतील अधिकाऱ्यांनी ती आवर्जून सांगावी आणि चैत्र-वैशाखात, म्हणजे खरिपापूर्वी सवडीच्या दिवसांत, ती रक्कम दुरुस्तीसाठी वापरण्यास ग्राहकांना उद्युक्त करावे. तहान लागल्यावर विहीर खोदण्याची आपली सवय यामुळे काही अंशी तरी मोडेल.

दुसरी सूचना नव्या कर्जासंबंधी आहे. ट्रॅक्टरचे कोटेशन स्वीकारताना, या मॉडेलचे सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि जवळचे सेवाकेंद्र किती अंतरावर आहे, याचे लेखी उत्तर बँकेने विक्रेत्याकडून मागावे. एकट्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला तर हसण्यावारी नेला जाईल. हजारो ट्रॅक्टरांना कर्ज देणाऱ्या बँकेने विचारला तर त्याचे उत्तर द्यावेच लागेल. तिसरी सूचना लहान मिस्त्रींसाठी आहे. आयटीआयमधून ट्रॅक्टर मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणांना मोजमापाची साधने, नोझल तपासण्याचे यंत्र आणि अस्सल मालाचा छोटा साठा यांसाठी कर्ज दिले, तर गावातच भरवशाची दुरुस्ती उभी राहील.

पावतीचा आग्रह धरल्यास गावातील लहान दुकानदार व मिस्त्री यांचे नुकसान होईल, असा आक्षेप घेतला जाईल. आरंभी थोडी अडचण होईल, हे मान्य. परंतु पावती देणारा दुकानदार आपल्या मालाची जबाबदारी घेतो आणि जबाबदारी घेणाऱ्याचेच गिऱ्हाईक टिकते. जो आज विनापावती विकतो, त्यालाही घाऊक व्यापाऱ्याकडून फसविले जात असतेच. पावतीची सवय लागली, तर त्यालाही वर जाब विचारता येईल.

शेतकऱ्याच्या हाती

शासन, कंपन्या आणि बँका आपापले काम करतील तेव्हा करतील. तोवर काही गोष्टी वाचकांच्या स्वतःच्या हाती आहेत. ट्रॅक्टरसाठी एक वही ठेवावी. तासांच्या मीटरचा आकडा, बदललेला भाग, उत्पादकाचे नाव, दुकान आणि तारीख तीत लिहावी. भाग मागताना ट्रॅक्टरच्या नावाऐवजी पार्ट नंबर सांगावा. खोक्यावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत आहे की नाही, ते पाहावे. काढलेला जुना भाग मिस्त्रीकडून परत मागून घ्यावा. क्रँकशाफ्ट घासून दिल्यावर कोणत्या मापाची बेअरिंगे बसविली, ते लिहून घ्यावे, कारण पुढच्या वेळी तेच माप लागणार असते. धुळीच्या कामात एअर क्लीनरचे ऑइल दररोज पाहावे. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि त्याने इंजिनाचे आयुष्य वाढते. जुना ट्रॅक्टर विकत घेताना अशी वही असलेल्या मालकाला चार पैसे अधिक द्यावे लागले, तरी ते खुशाल द्यावेत.

बैलाच्या पायाला पत्री ठोकताना आपला शेतकरी लोखंड पारखून घेत असे, कारण लंगडा बैल म्हणजे बुडालेला हंगाम हे त्याला पक्के ठाऊक होते. आज बैलाची जागा यंत्राने घेतली. पारखण्याचे काम मात्र एकट्याच्या आवाक्याबाहेर गेले. ते आता सर्वांनी मिळून करावे लागेल. ज्या कर्जामुळे ट्रॅक्टर शेतात आला, त्या कर्जाची फाईल शेवटचा हप्ता भरल्यावर बंद होते. ट्रॅक्टरचे काम त्यानंतरही कित्येक वर्षे चालायचे असते. त्या वर्षांची काळजी वाहणारी बँक, कंपनी आणि बाजारपेठ निर्माण झाली, तरच लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने यांत्रिकीकरण सार्थकी लागले असे म्हणता येईल. येत्या खरिपापूर्वी आपल्या शाखेत जावे, कार्डातील दुरुस्तीच्या तरतुदीविषयी विचारावे आणि सुट्या भागाची पहिली पावती हट्टाने मागून घ्यावी. एवढ्यापासून प्रारंभ झाला, तरी पुष्कळ झाले.